घरी बोलतेस, मग तिथेच का अडतं?

सगळ्यात आधी तो एक आरोप मनातून काढून टाक गं. 'घरी तर पटापट बोलतेस, मग बाहेर गेल्यावरच काय होतं तुला?' आई असं म्हणते, मावशी म्हणते, शाळेत बाई म्हणायच्या. आणि आता तूच स्वतःला म्हणायला लागली आहेस. ऐरोलीच्या कंपनीत मुलाखत ठरली आणि तू मला विचारतेस, 'ताई, मी नकळत नाटक तर करत नाही ना?' भाच्याला गोष्ट सांगताना तू एकदाही अडखळत नाहीस, मैत्रिणींशी बोलताना क्वचित, आणि कोणी 'नाव काय तुमचं?' विचारलं की स्वतःचंच नाव घशाशी अडून बसतं. मग यातली खरी तू कोणती?

दोन्ही गं. खरं सांगू का, तोतरेपणाचा स्वभावच असा आहे. माणूस बदलला, जागा बदलली, घाई वाढली की तो कमी-जास्त होतो. उलट एखाद्याचं अडखळणं सगळीकडे, सगळ्यांशी अगदी सारखंच असेल, तर स्पीच थेरपिस्ट आधी विचारतात की हे मोठेपणी, पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागून तर सुरू झालं नाही ना. तसलं अडखळणं वेगळं वागतं. लहानपणी, दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं ते आपलं अडखळणं चढ-उतारांचंच असतं. त्यामुळे 'घरी नीट बोलते' हा तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून कोणी समोर ठेवला, तर मान खाली घालू नकोस. ते लक्षणच आहे, आणि मी स्वतः त्यातली असल्यामुळे खात्रीनं सांगते.

आता थोडं शास्त्र ऐक, कंटाळू नकोस. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एरिक जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये तोतरं बोलणाऱ्या 24 प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना वाचायला लावलं, गप्पा मारायला लावलं, आणि एक वेळ अशी आणली की आपण खोलीत एकटेच आहोत, कोणीही ऐकत नाही अशी त्यांची पक्की समजूत व्हावी. हातात अवघड काम दिलं, म्हणजे ते करताना माणूस आपसूक स्वतःशी पुटपुटतो ना, तसं. त्या बोलण्यात अडखळणं जवळजवळ नव्हतंच. मग तेच शब्द, अगदी तेच, ऐकणाऱ्यांसमोर म्हणायला सांगितले, आणि अडखळणं परत आलं. जीभ तीच, घसा तोच, शब्द तेच. कोणीतरी ऐकतंय, एवढीच गोष्ट वाढली.

यातून 'म्हणजे सगळे मनाचेच खेळ' असा अर्थ मात्र काढू नकोस हं. बोलताना ओठ, जीभ, श्वास आणि स्वरयंत्र यांची वेळ मेंदूत फार बारीक जुळावी लागते, आणि आपल्यासारख्यांमध्ये ती जुळणी जरा नाजूक असते. मेंदूच्या चित्रणांमध्ये हे फरक दिसले आहेत. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रायना यांच्या गटाला पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून तोतरेपणाशी जोडलेलं एक जनुकही सापडलं. घाबरट स्वभावामुळे कोणी तोतरं होत नाही. पण ही नाजूक जुळणी घेऊन तू पाच अनोळखी चेहऱ्यांसमोर उभी राहतेस तेव्हा तिच्यावर ताण पडतो, आणि ओट्याशी एकटी गुणगुणत असतेस तेव्हा पडत नाही. ऐकणारे वाढले की बऱ्याच जणांचं अडखळणं वाढतं, हे तर 1930 च्या दशकातच प्रयोगांत दिसलं होतं.

बघ, तुला स्वतःच्याच आयुष्यातून याचा दाखला हवा असेल, तर गणपतीचे दिवस आठव. सोसायटीच्या मांडवात टाळ्यांच्या ठेक्यावर आरती चालते, एकामागून एक पाच-सहा आरत्या, शेवटी मंत्रपुष्पांजलीतले ते जोडाक्षरांनी भरलेले शब्द. कुठे अडलीस कधी? शाळेत सकाळची प्रतिज्ञा म्हणताना अडलीस? वर्गानं एका सुरात पाढे म्हटले तेव्हा? मी तर एकोणतीसचा पाढा सगळ्या वर्गाबरोबर खणखणीत म्हणायचे, आणि 'आता एकेकीनं म्हणा' असं ऐकू आलं की दोनच्या पाढ्यावर माझी जीभ टाळूला चिकटायची. बाईंना वाटायचं, ही इतका वेळ नुसते ओठ हलवत होती. कोणालाच ठाऊक नव्हतं की दुसऱ्याबरोबर एका आवाजात बोललं की अडखळणं ओसरतं, हे जगभर दिसलेलं आहे. वेळ दुसऱ्यांनी धरलेली असते, चाल ठरलेली असते, शब्द पाठ असतात आणि तुझ्या उत्तराची वाट बघत कोणी थांबलेलं नसतं. गाण्यातही तसंच. अभिनयातही पुष्कळांचं तसंच. इंग्रज अभिनेत्री एमिली ब्लंट लहानपणी फार अडखळायची. शिक्षकांनी तिला वेगळ्या धाटणीच्या उच्चारात, दुसरंच कोणी होऊन नाटकात बोलायला सांगितलं आणि तिथून तिची वाट मोकळी झाली. आपल्या हृतिक रोशननं तर जाहीरपणे सांगितलंय की तोंडी परीक्षेच्या दिवशी तो शाळाच बुडवायचा. पडद्यावर बघून कोणाला वाटेल का?

आता नावाचं. तू म्हणतेस, बाकी सगळं जमतं, नावच येत नाही. अगं, बहुतेक सगळ्यांचं नावाशीच वाकडं असतं! कारण नावाला पर्यायच नाही. 'उशीर झाला' अडलं तर तू चटकन 'वेळ लागला' म्हणून निसटतेस. मला माहितीय, कारण हे शब्द बदलण्याचं काम डोक्यात किती वेगानं चालतं ते मी जगलेय. नावाच्या जागी दुसरं काय ठेवणार? शिवाय नाव एकदम विचारतात, उत्तर त्याच क्षणी हवं असतं, आणि स्वतःचं नाव विसरणारी माणसं नसतात म्हणून समोरचा हसतो किंवा भुवया उंचावतो. तो एक क्षण कित्येक वर्षांचा साठलेला असतो. म्हणून नावावर अडणं म्हणजे आपल्यात काहीतरी खोल बिघडलंय अशी भीती बाळगू नकोस.

स्टेशनच्या खिडकीवरही हेच. मागे रांग, समोर काचेपलीकडे घाईतला माणूस, आणि स्टेशनचं नाव बदलता येत नाही. 'कोपरखैरणे' म्हणून बघ ना, काय ते नाव! आमच्यातल्या किती जणांनी कोपरखैरण्याला उतरायचं असताना तुर्भ्याचं तिकीट काढलंय, केवळ 'त' सुटतो आणि 'क' अडतो म्हणून. दोन पैसे जास्त, पण सुटका. आता मोबाइलवर तिकीट निघतं, रिक्षाही मोबाइलवर बोलावता येते, जेवणही. सोय चांगलीच आहे, मीही वापरते. पण खरं सांगू का, मला या सोयीची थोडी भीती वाटते. दिवसभर एक शब्द न बोलता घणसोलीहून बेलापूरला जाऊन येता येतं आता. तुझ्यासारख्या मुलीला ते फार आरामाचं वाटतं, आणि मग एखाद्या दिवशी बोलावंच लागलं की ते डोंगराएवढं होतं.

जोसेफ शीहान नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, ते स्वतः तोतरं बोलायचे. ते म्हणायचे की तोतरेपणा हिमनगासारखा असतो. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक. पाण्याखाली असते भीती, लाज, टाळाटाळ. आणि तुझं मोजमाप मी त्याच हिशेबानं करणार बघ. तू हॉटेलात तुला नको असलेली इडली मागवलीस कारण 'मसाला डोसा' अडेल असं वाटलं, तेव्हा बाहेरून तू अगदी अस्खलित होतीस. पण तो तुझा वाईट दिवस होता. आणि ज्या दिवशी बँकेच्या खिडकीशी तू अडखळत, लाल होत, पूर्ण प्रश्न विचारून उत्तर घेऊन आलीस, तो चांगला दिवस. हे तुला आत्ता पटणार नाही, चालेल. वहीत लिहून ठेव.

वहीवरून आठवलं. एक वही घे, जुनी रफ वही चालेल. आठवडाभर रोज रात्री लिही: आज कोणाशी बोलले, कुठे, काय अडलं, काय टाळलं. किती वेळा अडखळले हे मोजू नकोस, ती मोजदाद माणसाला खाऊन टाकते. फक्त जागा लिही. आठ दिवसांत तुझं तुलाच दिसेल की तुझं अडखळणं तुला वाटतं तितकं लहरी नाहीये. वाण्याकडे ठीक, पण त्याच वाण्याकडे मागे शेजारच्या काकू उभ्या असल्या की नाही. वहिनीशी ठीक, तिच्या आईशी नाही. मराठीत एक तऱ्हा, रिक्षावाल्याशी हिंदीत दुसरी, आणि ऑफिसातल्या इंग्रजीत तिसरी. आपल्या नवी मुंबईत एका दिवसात तीन भाषा तोंडात येतात. दोन-तीन भाषा बोलणारे बहुतेक जण सगळ्यांतच अडखळतात, पण सारखे नाही, आणि ते कमी येणाऱ्या भाषेतच जास्त असतं असंही नाही. कोणाचं मातृभाषेतच जास्त होतं, कारण तिथे शब्द जिव्हाळ्याचे असतात. तू तुझं बघ.

कधीकधी वहीत काहीच जुळणार नाही, तेही सांगून ठेवते. काल ज्या माणसाशी सुरळीत बोललीस त्याच्याशीच आज तोंड उघडणार नाही. झोप कमी झाली असेल, घरात भांडण झालं असेल, किंवा काहीच झालं नसेल. अशा दिवशी 'काल जमलं होतं, म्हणजे आज मीच कमी पडले' हा हिशेब मांडू नकोस. लोक तो मांडतातच, निदान तू तरी नको. कालचं मोकळं बोलणं ही आजची उधारी नाही.

फोनचं वेगळं सांगायला हवं. फोनवर तुझा चेहरा दिसत नाही, त्यामुळे तू शब्दाशी झुंजतेस तेव्हा पलीकडे नुसती शांतता ऐकू जाते. तो बिचारा 'हॅलो, हॅलो' करतो आणि ठेवून देतो. म्हणून फोन अनेकांना सगळ्यात अवघड जातो. माझं ऐक, पहिलंच वाक्य तू घे: 'मी अडखळत बोलते, थोडा वेळ लागेल, फोन ठेवू नका.' हे वाक्यही अडखळतच येईल कदाचित. येऊ दे. एकदा ते बाहेर पडलं की लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि लपवण्यात जी ताकद जात होती ती बोलायला मिळते.

मुलाखतीतही हेच वाक्य लागणार आहे, म्हणून त्याची गंमत नीट समजून घे. टेक्सास विद्यापीठातल्या कोर्टनी बर्ड यांच्या गटानं 2017 मध्ये पडताळून पाहिलं की तोतरं बोलणाऱ्यानं सुरुवातीलाच तसं सांगितलं तर ऐकणाऱ्यांवर काय परिणाम होतो. साधेपणानं, माहिती दिल्यासारखं सांगणारा माणूस ऐकणाऱ्यांना जास्त आत्मविश्वासाचा, जास्त मोकळा वाटला. माफी मागत सांगितलं तर तो फायदा मिळाला नाही. म्हणजे 'सॉरी हं, मला जरा प्रॉब्लेम आहे' असं अजिबात म्हणायचं नाही. कशाची सॉरी गं? 'मी अडखळत बोलते. मध्ये थांबले तर मला वेळ द्या, माझं उत्तर पूर्ण होईल.' संपलं. मान वर, डोळे समोर.

आणि मुलाखतीची तयारी खोली बंद करून आरशासमोर करू नकोस. आता तुला कारण कळलंय ना? एकटीनं बोललेलं सुरळीतच येणार. तेच ते पुन्हा मोठ्यानं वाचलं की अडखळणं कमी होत जातं, हे आयोवात 1930 च्या दशकात वेंडेल जॉन्सन यांनी दाखवलं होतं. पाचव्या वाचनापर्यंत सरासरी निम्म्यावर येतं. पण तो परिणाम टिकत नाही, थोड्या तासांत ओसरतो. रात्री आरशासमोर 'आता येतंय' म्हणून झोपशील आणि सकाळी ऐरोलीला जाऊन खचशील. त्यापेक्षा माणसांसमोर कर. आधी वहिनीसमोर. मग वहिनी आणि दादा. मग दादाच्या एखाद्या मित्राला बोलाव, ज्याच्याशी तुझी फारशी ओळख नाही. चहा-पोहे कर आणि त्याला तिरकस प्रश्न विचारायला सांग. एखादा प्रश्न व्हिडिओ कॉलवर घे. उत्तर पाठ करू नकोस, पाठ केलेलं वाक्य एका शब्दावर अडलं की पुढचं सगळं कोसळतं. मुद्दे डोक्यात ठेव, शब्द तिथे येतील ते.

गोल बसून ओळख करून द्यायची पद्धत असेल, तर तिथेही आधीच ठरवून जा. एकेक जण बोलत तुझ्याकडे येतो तेव्हा ती वाट बघणं सगळ्यात वाईट असतं. शेजारचा काय बोलला ते कानावर पडतही नाही. जमलं तर 'मी सुरुवात करू का?' म्हण. धाडसाचं वाटेल, पण पहिलं बोलणाऱ्याला वाट बघावी लागत नाही, एवढा साधा फायदा आहे त्यात.

शब्द अडला तर काय करायचं तेही सांगते. ढकलू नकोस. पाय आपटून, डोळे मिटून, हात झटकून शब्द फेकायची जी सवय लागते ना, ती पुढे स्वतःच एक त्रास होऊन बसते. अडलीस की तिथेच थांब, घसा-ओठ कुठे घट्ट झालेत ते बघ, तो जोर हळूच सोड आणि तोच शब्द ओढून, सैल करून पूर्ण कर. शब्द बदलायचा नाही. हे चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञांनी शिकवलेल्या पद्धतीतलं आहे. ते स्वतःही तोतरं बोलायचे. अजून एक, जे ऐकून तू मला वेडी म्हणशील: जिथे सोपं जातं, तिथे मुद्दाम अडखळ. भाजीवाल्याला 'मे-मे-मेथी केवढ्याला?' असं विचार, शांतपणे, त्याच्याकडे बघत. तो काय करतो बघ. जुडी पुढे करतो आणि भाव सांगतो, बस. आपण मनात ज्या माणसांची भीती घेऊन फिरतो ना, त्यातली बहुतेक माणसं सुट्टे पैसे शोधण्यात गुंतलेली असतात.

माझ्या लग्नात मला सगळ्यात धाक होता तो उखाण्याचा. मंडपात सगळ्या बायका जमल्या, 'नाव घे, नाव घे' सुरू झालं. उखाणा पाठ होता, यमक होतं, लय होती, त्यामुळे पहिली ओळ गाण्यासारखी वाहिली. आणि पुढे नेमकं ते नाव! बदलता न येणारा शब्द, आणि तोही सगळ्यांनी कान टवकारलेले असताना. मी अडले. थांबले. आत्तेसासूबाई पुढचं बोलून मोकळ्या होणार तोच मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि नाव माझं मी घेतलं. तो हात वर करणं तू शिक गं. कोणी तुझं वाक्य पूर्ण करायला आलं, प्रेमानं का असेना, तर 'थांब, मी सांगते' म्हणायचं. आईला हे आजच सांग. 'सावकाश बोल', 'दीर्घ श्वास घे', 'आधी मनात वाक्य जुळव' हे तिनं बंद करावं, तुझ्याकडे बघत राहावं आणि तू संपेपर्यंत थांबावं. तिला वाईट वाटेल थोडं, कारण तिनं मायेनंच केलंय सगळं. लहानपणी वेखंड उगाळून चाटवलं, कोणी सांगितलं म्हणून अक्कलकारा चघळायला दिला. त्या बिचारीचा काय दोष? पण आता नको. तोतरेपणा घालवायला मान्यता मिळालेलं एकही औषध अजून नाही, ना आपल्याकडे ना अमेरिकेत. 'सात दिवसांत खात्रीनं बरे व्हा' अशा जाहिरातींना एक रुपया देऊ नकोस.

मदत घ्यायची तर रीतसर घे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था, 1983 पासूनची. वडाळ्याला गाडी बदलून जाता येतं. नायर रुग्णालयातही वाचाउपचाराचा विभाग आहे. पण तिथे गेलीस की एक गोष्ट लक्षात ठेव. थेरपिस्टच्या खोलीत दोन-चार भेटींनंतर तू छान बोलायला लागशील आणि बाहेर पडलीस की पुन्हा अडशील, आणि मनात येईल, 'मी शिकवलेलं विसरले.' विसरली नसतेस गं. ती खोली सोपी जागा झालेली असते, एवढंच. तेव्हा थेरपिस्टला सांग, आपण इथून फोन लावू, खाली कॅन्टीनमध्ये जाऊ, स्टेशनच्या चौकशी खिडकीशी जाऊ. चांगला थेरपिस्ट आनंदानं येईल.

तू हळूच विचारलंस ते लग्नाचं आणि मुलांचं. तोतरेपणा घराण्यात चालतो हे खरं, शक्यता थोडी वाढते. पण शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात, त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातं आणि मोठ्यांमध्ये शंभरात एखादाच उरतो. शिवाय उरलेल्यांत पुरुष जास्त, बाईमागे साधारण चार. म्हणून तुला वाटत राहिलं की आपल्यासारखी मुलगी दुसरी नाहीच. आहोत आम्ही, विखुरलेल्या आहोत. आणि स्थळ बघायला येतील तेव्हा हे आधी फोनवरच कळवायचं, बायोडेटात लिहायचं तर लिही. पोह्यांची बशी हातात घेऊन ते लपवत बसायचं नाही. ज्यांना चालणार नाही ते येणारच नाहीत, तुझे पोहे वाचतील.

कायद्याचंही थोडं माहीत असू दे. दिव्यांगांसाठीच्या 2016 च्या कायद्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, पण उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढावं लागणं किंवा मेंदूच्या इजेनं भाषा जाणं अशी. तोतरेपणाचं नाव तिथे घेतलेलं नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या भरवशावर बसू नकोस. तरी एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला वाचेच्या अपंगत्वाची टक्केवारी जास्त म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला होता. त्याचं दुखणं आपल्यापेक्षा वेगळं होतं. पण 15 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसता टक्क्यांचा आकडा पुरेसा नाही, हा मुलगा तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळानं बघायला हवं. मुलाखतीत तुझ्याकडूनही तेवढंच अपेक्षित आहे. काम येतं का, ते त्यांनी बघावं.

मुलाखत झाली की, निकाल काहीही लागो, एका रविवारी आपण मुंबईच्या बचतगटाला, अगं, बचतगट काय म्हणतेय, स्वमदत गटाला जाऊ. 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' म्हणून संस्था आहे, डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी 2008 मध्ये उभी केलेली. ते डॉक्टर आणि स्वतः तोतरं बोलणारे. मुंबई-पुण्यात त्यांचे गट भरतात. तिथे कोणी तुला बरं करायला बसलेलं नसतं. सगळे अडखळत बोलतात, कोणी कोणाचं वाक्य तोडत नाही आणि घड्याळाकडे बघत नाही. पहिल्यांदा गेलीस की तुला विचित्र वाटेल, कदाचित रडू येईल. दुसऱ्यांदा तू बडबड करशील, माझी खात्री आहे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री नवीन काही वाचू नकोस. ड्रेसला इस्त्री करून ठेव, डबा वहिनीला करू दे, लवकर झोप. सकाळी घरातून निघण्याआधी कोणाशी तरी दोन शब्द बोल, वॉचमनशी, दूधवाल्याशी, कोणाशीही, म्हणजे दिवसातलं पहिलं बोलणं त्या टेबलासमोर होणार नाही. गेटवर नाव विचारतील, तिथे ओळखपत्र पुढे करून सुटू नकोस. नाव सांग, लागेल तेवढा वेळ घेऊन सांग. आणि बाहेर पडलीस की मला कळव. मेसेज नको हं, फोन कर. मी कुकर लावलेला असला तर उचलायला वेळ लागेल, पुन्हा लाव.